सकाळी संगणक सुरू होत नाही, दुपारी मध्येच बंद पडतो : दोष मदरबोर्डचाच आहे का?

जुळारी (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. निफाडच्या बाजारपेठेत एका भाड्याच्या गाळ्यात माझे छोटेसे डीटीपी केंद्र आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि द्राक्षांच्या पेट्यांवरची लेबले असे काम असते. त्यासाठी २०१७ मध्ये जुळवून घेतलेला डेस्कटॉप वापरतो. त्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. एक एसएसडी, एक जुनी हार्ड डिस्क आणि कॅबिनेटसोबतच आलेला, ४५० वॉटचे लेबल मिरवणारा एसएमपीएस (भिंतीतली वीज संगणकाला लागणाऱ्या कमी व्होल्टमध्ये बदलून देणारा डबा) आहे. जोडीला ६०० व्हीएचा यूपीएस आहे.

तीन आठवड्यांपासून दोन प्रकारचा त्रास सुरू आहे. सकाळी गाळा उघडून बटण दाबले की पंखा पाव वळसा फिरतो आणि थांबतो. पाच-सहा वेळा प्रयत्न केल्यावर कधी तरी संगणक सुरू होतो. नंतर दिवसभरात एकदा-दोनदा काम चालू असतानाच तो एकदम बंद पडतो. विंडोजच्या नोंदींमध्ये प्रत्येक वेळी 'कर्नल-पॉवर ४१' असे दिसते. येथील तंत्रज्ञांनी मदरबोर्डवरचा बटण सेल बदलला, रॅम काढून खोडरबराने पुसली, संगणक दोन दिवस स्वतःकडे ठेवला आणि शेवटी मदरबोर्ड गेल्याचे सांगितले. गंमत म्हणजे त्यांच्याकडे असताना तो एकदाही बंद पडला नव्हता. लग्नसराई तोंडावर आहे. जुन्या प्रोसेसरला चालणारा नवा मदरबोर्ड आता सहज मिळत नाही, म्हणजे प्रोसेसर आणि रॅमही नवीन घ्यावी लागेल. एवढा खर्च करण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

खटपट्या (सोमवार, रात्री १०.१५)

जुळारी साहेब, तूर्त एक रुपयाही खर्च करू नका. '४१' या नोंदीला फार महत्त्व देऊ नये. मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच ती सांगते. दोष कोणाचा हे तिला ठाऊक नसते. भिंतीवरच्या बोर्डाची पिन उपटली तरी हीच नोंद होते.

तुमच्या मजकुरातले सर्वांत मोलाचे वाक्य तुम्ही गंमत म्हणून लिहिले आहे. तंत्रज्ञांकडे संगणक दोन दिवस नीट चालला, म्हणजे यंत्र तेच होते आणि जागा बदलली होती. तेव्हा पुढील गोष्टी आठवून सांगा. दुपारी बंद पडतो तेव्हा मॉनिटरही त्याच क्षणी जातो का? यूपीएसचा दिवा चालू राहतो की तोही विझतो? संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो की मेल्यासारखा पडून राहतो? तंत्रज्ञांनी तो रात्री बोर्डावरून बंद केला होता का, हेही त्यांना विचारा. आणि सकाळी सुरू न होण्याचा अनुभव सुट्टीनंतर जास्त येतो की रोज सारखाच?

जुळारी (मंगळवार, दुपारी १.०५)

मॉनिटर त्याच क्षणी जातो. यूपीएस एक लांब आवाज काढून पूर्ण विझतो आणि त्याचे बटण पुन्हा दाबावे लागते. आतापर्यंत मी त्याला 'संगणक बंद पडला' असेच म्हणत होतो.

तंत्रज्ञांच्या दुकानात बोर्ड रात्रभर चालूच असतो. मी मात्र शॉर्टसर्किटच्या भीतीने रोज रात्री मुख्य बटण बंद करून जातो. मागच्या रविवारी ते चुकून चालू राहिले होते आणि सोमवारी सकाळी संगणक पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला होता. तेव्हा मला तो योगायोग वाटला. सध्या येथे सकाळी पारा आठ-नऊ अंशांवर असतो.

अर्धवाहक (मंगळवार, सायंकाळी ६.३०)

यात दोन स्वतंत्र दोष दिसतात आणि ते एकाच वेळी आल्यामुळे सर्वांची दिशाभूल झाली आहे. यूपीएसच विझत असेल तर दुपारच्या प्रकाराशी संगणकाचा संबंध असेलच असे नाही; त्याकडे नंतर येऊ. आधी सकाळचा दोष पाहू.

इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स ही रचना आणली, तेव्हापासून कॅबिनेटवरचे बटण वीज थेट जोडत किंवा तोडत नाही. ते फक्त विनंती करते. बोर्डाचे बटण चालू असेपर्यंत एसएमपीएसमधला एक छोटा, वेगळा भाग जागा असतो आणि जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट देत राहतो. या राखीव विजेवर मदरबोर्डचा पहारेकरी जागत असतो. तुम्ही बटण दाबले की तो हिरवी तार काळ्या तारेच्या पातळीला ओढतो. मग मोठा भाग जागा होऊन पिवळ्या तारेवर १२, लालवर ५ आणि नारिंगीवर ३.३ व्होल्ट देऊ लागतो. हे तिन्ही स्थिर झाल्यावर एसएमपीएस साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत करड्या तारेवरून 'सर्व ठीक' असा निरोप पाठवतो आणि त्यानंतरच प्रोसेसर कामाला लागतो. या साखळीत कोठेही खंड पडला की पंखा जेमतेम वळून थांबतो.

आता थंडीचा संबंध. एसएमपीएसमधले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर (वीज साठवून तिचे चढउतार सपाट करणारे भाग) वर्षानुवर्षे तापून आतून सुकत जातात आणि त्यांचा अंतर्गत रोध वाढतो. हा रोध थंडीत आणखी वाढतो व गरम झाल्यावर कमी होतो. म्हणून म्हातारा एसएमपीएस सकाळी कुरकुरतो, एकदा तापला की दिवसभर बिनतक्रार चालतो आणि बोर्ड रात्रभर चालू ठेवला तर राखीव भागाच्या उबेवर सकाळीही लगेच उठतो. तुमच्या रविवारच्या विसरभोळेपणाने हा प्रयोग आपोआप करून दिला आहे.

तरीही अनुमानावर थांबू नका, मोजून घ्या. साधा डिजिटल मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. मदरबोर्डला लावलेला २४ पिनांचा जोड न काढता, त्याच्या मागच्या बाजूने जांभळ्या तारेच्या भोकात लाल प्रोब आणि कोणत्याही काळ्या तारेच्या भोकात काळा प्रोब अलगद टेकवा. सगळ्या तारा काळ्या असतील तर जांभळी म्हणजे ९ क्रमांकाची पिन. रात्रभर बंद असलेले बोर्डाचे बटण सकाळी चालू केल्यावर लगेच आकडा पाहा, संगणकाचे बटण दाबताना पाहा आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहा. मर्यादा पाच टक्क्यांची, म्हणजे ४.७५ ते ५.२५ व्होल्टची आहे. १२ व्होल्टसाठी ती ११.४ ते १२.६ अशी येते. प्रोब घसरून शेजारच्या दोन पिना जोडल्या जाणार नाहीत एवढी काळजी घ्या.

उसगावकर (मंगळवार, रात्री ११.५०)

एवढे मोजमाप कशाला? येथे अमेरिकेत आम्ही २४ पिनांचा जोड काढून हिरवी आणि काळी तार पेपरक्लिपने जोडतो. पंखा फिरला की एसएमपीएस चांगला. आणि बदलायचाच असेल तर थेट ७५० वॉटचा घ्यावा. माझ्याकडे एक जुना पडून आहे, कोणी येणार असेल तर पाठवू शकतो.

अर्धवाहक (बुधवार, सकाळी ७.२०)

उसगावकर, पेपरक्लिपने एसएमपीएस पूर्ण मेला आहे की नाही एवढेच कळते. पंखा न फिरल्यास निकाल जवळपास निश्चित होतो, परंतु पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असे मात्र म्हणता येत नाही. पंख्याला लागते दोन-तीन वॉट वीज. प्रोसेसर एकदम जागा होतो तेव्हाचा धक्का त्या चाचणीत येतच नाही, आणि येथे तर दोष नेमका त्या क्षणी दिसतो आहे.

वॉटचेही तसेच. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला असा डेस्कटॉप मजकूर जुळवताना शंभर वॉटही घेत नाही. चांगल्या बनावटीचा ३५०-४०० वॉटचा एसएमपीएस त्याला पुरून उरेल. उलट कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवरचे ४५० हे आकडे लेबल छापणाऱ्याच्या उदारपणावर अवलंबून असतात. हातात धरून वजन पाहिले तरी अंदाज येतो.

तुमच्याकडचा एसएमपीएस खरोखर जुना असेल तर पाठवण्यापूर्वी त्याच्या पाठीमागे ११५ आणि २३० असा लाल सरकता खटका आहे का, ते पाहा. तो ११५ वर राहिला आणि येथे २३० व्होल्टला जोडला, तर पहिल्याच सेकंदाला मोठा आवाज होऊन विषय संपतो.

वायरमनकाका (बुधवार, सकाळी ९.०५)

मी संगणकवाला नाही, पण पस्तीस वर्षे घरांची आणि गिरण्यांची वायरिंग केली आहे. सगळे यंत्राच्या आत पाहत आहेत, भिंतीकडे कोणी पाहिले नाही, म्हणून लिहितो.

जुळारी, मल्टिमीटर आणणारच आहात तर तो ७५० व्होल्ट एसीवर ठेवून ज्या सॉकेटला यूपीएस आहे तेथे तीन मापे घ्या : फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ. पहिले माप सकाळी, भर दुपारी आणि शेतीच्या मोटारी चालू असतील त्या वेळी, असे तीनदा घ्या. प्रोब लावताना रबरी चप्पल घाला, एका हाताने काम करा, आणि सवय नसेल तर गावातल्या वायरमनला बोलवा. त्यात कमीपणा नाही.

आणखी दोन प्रश्न. कॅबिनेटच्या पत्र्याला हाताची मागची बाजू लावली तर झिणझिण्या येतात का? आणि यूपीएसवर आणखी काय काय लावले आहे, ते एकही वस्तू न वगळता सांगा.

एक ताकीदही देऊन ठेवतो. एसएमपीएसचे झाकण कोणी उघडू नये. २३० व्होल्ट एसीपासून आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतात, काही प्रकारांत चारशेच्या आसपास, आणि पिन काढल्यावरही ते काही काळ तेथे राहू शकतात.

जुळारी (गुरुवार, दुपारी २.१०)

मापे घेतली. आकडे लिहितो.

जांभळी तार : सकाळी ८.४० वाजता बोर्ड चालू केल्यावर लगेच ४.४१ व्होल्ट. संगणकाचे बटण दाबताच आकडा ३.७ पर्यंत आला आणि पंखा थांबला. कॅबिनेटचे बटणच अडकत असेल या शंकेने त्याच्या तारा मदरबोर्डवरून काढून त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडून पाहिल्या, तोच प्रकार. बोर्ड तसाच चालू ठेवला. ९.१५ वाजता आकडा ४.८३ झाला आणि संगणक पहिल्या प्रयत्नात उठला.

भिंत : फेज ते न्यूट्रल सकाळी २२८, दुपारी पावणेबाराला १९६. फेज ते अर्थ मात्र ९० ते १२० च्या दरम्यान, एका जागी थांबतच नाही. झिणझिण्या येतात, पावसाळ्यापासून येतात, मी त्या स्थिर विजेच्या समजत होतो.

यूपीएसवर संगणक, मॉनिटर, राउटर आणि लेझर प्रिंटर आहे. पूर्वी प्रिंटर वेगळ्या बोर्डावर होता. दिवाळीनंतर टेबल हलवले, तेव्हा जवळ पडतो म्हणून यूपीएसच्या मागे लावला.

खटपट्या (गुरुवार, दुपारी २.३५)

सापडले! काका, आपणास दंडवत.

जुळारी, आता एवढेच आठवा : यूपीएस विझतो तो छापायला सुरुवात करताना का? विशेषतः बऱ्याच वेळाने पहिले पान काढताना?

जुळारी (गुरुवार, दुपारी ३.००)

बहुतेक वेळा होय. परंतु प्रत्येक छपाईच्या वेळी होत नाही. सकाळी पन्नास पाने काढली तरी काही होत नाही, म्हणून प्रिंटरवर कधी संशय आला नाही.

अर्धवाहक (गुरुवार, रात्री ८.४५)

जुळारी यांचा शेवटचा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर त्यांच्याच १९६ या आकड्यात आहे.

लेझर प्रिंटरमध्ये कागदावरची भुकटी वितळवून चिकटवण्यासाठी एक तापणारा रूळ असतो. प्रिंटर झोपेतून उठतो तेव्हा तो रूळ तापवण्यासाठी काही सेकंद कित्येकशे वॉट वीज ओढतो. तुमचा यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे बॅटरीवर सुमारे ३६० वॉटचा आहे. म्हणूनच लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये असे बहुतेक प्रिंटरांच्या पुस्तिकेत लिहिलेले असते, आणि ते पान कोणी उघडत नाही.

सकाळी भिंतीत २२८ व्होल्ट असताना यूपीएस बॅटरीला हात न लावता भिंतीतली वीज तशीच पुढे पाठवतो, त्यामुळे प्रिंटरचा झटका भिंतच सोसते. दुपारी आधीच १९६ वर आलेली वीज प्रिंटर तापू लागताच आणखी खाली जाते. यूपीएसला वाटते की लाइट गेली, म्हणून तो काही मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो आणि त्याच क्षणी त्याच्या अंगावर कुवतीच्या दुपटीहून अधिक भार येतो. मग तो स्वतःला वाचवण्यासाठी सर्वच बंद करतो. प्रिंटर जागा होणे आणि व्होल्टेज पडलेले असणे या दोन गोष्टी जुळल्या तरच हे घडते, म्हणून ते अवचित घडल्यासारखे वाटते.

प्रिंटर आजच भिंतीतल्या वेगळ्या सॉकेटवर लावा, शक्यतो १५ अँपियरच्या. त्यानंतर यूपीएसची बॅटरीही तपासा. संगणक आणि बाकी सर्व काढून यूपीएसवर १०० वॉटचा जुन्या प्रकारचा एकच दिवा लावा आणि भिंतीतली पिन काढा. १२ व्होल्ट, ७ अँपियर-तासाची धडधाकट बॅटरी त्याला दहा-पंधरा मिनिटे तरी धरेल. मिनिटभरात मान टाकली तर बॅटरी बदला. या बॅटऱ्या साधारण दोन-तीन वर्षांच्याच धनी असतात.

मालवणी_खाक्या (गुरुवार, रात्री १०.२०)

धाग्यात शिरल्याबद्दल क्षमस्व. आमच्याकडेही मुलाचा संगणक बंद पडतो, पण तो खेळ सुरू केल्यावर वीस मिनिटांनी. यूपीएस चालूच राहतो. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

खटपट्या (गुरुवार, रात्री १०.४०)

सविस्तर बोलायचे तर वेगळा धागा काढा. थोडक्यात येथेच सांगतो. वीस मिनिटांनी बंद पडणे हे बहुधा तापण्याचे लक्षण असते. प्रोसेसरवरचा पंखा धुळीने जाम झाला आहे का पाहा, ब्लोअरने साफ करा (पंख्याची पाती बोटाने धरून, नाहीतर तो भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग खराब होते) आणि थर्मल पेस्ट बदला. तापमान ठीक असूनही तो बंद पडत असेल, तर खेळ चालू असताना पिवळ्या तारेवर मोजा, ११.४ च्या खाली जात असेल तर एसएमपीएस दमला आहे. खाऱ्या हवेमुळे २४ पिनांच्या आणि प्रोसेसरजवळच्या ४ किंवा ८ पिनांच्या जोडांवर हिरवट थर चढतो, तेथे रोध वाढून प्लास्टिक तपकिरी पडते. तोही जोड काढून नीट पाहा.

वायरमनकाका (शुक्रवार, सकाळी ८.३०)

जुळारी, आता तुमच्या झिणझिण्यांचे. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून येणारी किंचितशी वीज जमिनीत जाते. अर्थिंग तुटलेले असेल तर पत्रा दोहोंच्या मधोमध, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्टवर तरंगतो. वीज अगदी थोडी असल्यामुळे झिणझिणीवर भागते. परंतु उद्या एसएमपीएसच्या आत फेज पत्र्याला लागला तर ती थोडी राहणार नाही. फेज ते अर्थ हे माप फेज ते न्यूट्रलच्या जवळपास यायला हवे. तुमचे अर्ध्यावर डोलते आहे, म्हणजे सॉकेटच्या वरच्या जाड भोकामागे तारच नाही किंवा ती वाटेत कोठे तरी सुटली आहे.

गाळा मालकाला सांगून अर्थिंगचा खड्डा शोधायला लावा. नळाच्या पाइपाला तार बांधू नका आणि सॉकेटमध्ये न्यूट्रल व अर्थ एकत्र जोडण्याची युक्ती कोणी सुचवली तर त्या माणसाला पुन्हा बोलावू नका. न्यूट्रल तुटला की त्या जोडणीमुळे पत्र्यावर पूर्ण फेज येतो. १९६ व्होल्टबद्दल वीज कंपनीच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि सोबत वेळेसह मापे जोडा. आकडे असले की तक्रार टोलवता येत नाही.

जुळारी (पुढच्या बुधवारी, रात्री ९.१५)

सर्वांस कळवण्यास आनंद होतो. प्रिंटर गुरुवारी रात्रीच हलवला; तेव्हापासून यूपीएस एकदाही विझलेला नाही. दिव्याच्या चाचणीत बॅटरीने चार मिनिटांत मान टाकली, म्हणून ती बदलली. एसएमपीएससाठी आधी मित्राच्या संगणकातला दोन दिवस उसना आणून लावला आणि बोर्ड रात्रभर बंद ठेवूनही दोन्ही सकाळी संगणक पहिल्याच प्रयत्नात उठला, तेव्हा कुठे ४०० वॉटचा नवा विकत घेतला. जांभळ्या तारेवर आता सकाळी ५.०६ आहे. मदरबोर्ड तोच आहे.

जुना एसएमपीएस तंत्रज्ञांनीच उघडला. राखीव भागाजवळचे दोन कपॅसिटर वरून पुरीसारखे फुगले होते. त्यांनी मोकळेपणाने मान्य केले की संगणक त्यांच्याकडे दुपारी आला आणि मग चालूच राहिला, त्यामुळे थंड अवस्थेत तो त्यांनी पाहिलाच नव्हता.

एक शंका उरते. रात्री बोर्ड बंद करू की चालू ठेवू?

वायरमनकाका (पुढच्या बुधवारी, रात्री ९.५०)

संगणकाचा बोर्ड बंदच करत जा, नवा एसएमपीएस सकाळी उठेल. यूपीएस मात्र बॅटरी भरत राहावी म्हणून रोज काही तास भिंतीला जोडलेला असू द्या. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे ढग आले की यूपीएसची पिन आणि राउटरला येणारी बाहेरची तार, दोन्ही काढून ठेवा. अर्थिंगचे काय झाले ते लिहिले नाहीत.

जुळारी (शनिवार, दुपारी ४.२०)

आजच झाले. खड्ड्यातली तार गंजून तुटली होती. फेज ते न्यूट्रल २२६, फेज ते अर्थ २२५, न्यूट्रल ते अर्थ १.८. पत्र्याला हात लावून पाहिला, झिणझिणी नाही. मालकांनी अर्धा खर्च दिला.